नवीन ऑटोमॅटिक घड्याळ: चावी किती द्यायची, आणि हा भिरभिराट नॉर्मल आहे का?

कानोसा (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, आजवर सगळी घड्याळं सेलवरची वापरली. दोनेक वर्षं चालायचं, मग एक दिवस सेकंदकाटा जागच्या जागी थरथरायचा, सेल बदलायचा, विषय संपला. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ऑटोमॅटिक घेतलं. मागच्या बाजूला काच आहे, आतला अर्धचंद्रासारखा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारं वजन, दिसतं. पहिला आठवडा घड्याळ पुढून कमी आणि मागूनच जास्त पाहिलं.

आता तक्रारी. तक्रारी म्हणण्यापेक्षा शंका.

आधी आवाज. हात झटकला की आतून 'भिर्रर्र' करत काहीतरी फिरतं, मनगटाला जाणवतंसुद्धा. कधी फिरतं, कधी नाही. शिवाय चालताना एक बारीक खुळखुळ येते. आणि रात्री उशाशी ठेवलं तर टिकटिक एवढी मोठी, की मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं घड्याळ घोरतंय."

मग चावी. माहितीपत्रकात लिहिलंय की हातावर असताना चावी आपोआप बसते आणि काढून ठेवल्यावर सुमारे ४० तास चालतं. माझं काल संध्याकाळी ७ वाजता काढून ठेवलं, आज दुपारी २ वाजता बंद. या प्रकाराला कंटाळून मी आधीपासूनच रोज सकाळी हाताने चावी देतोय. जेवणाआधीही देतो. खरं सांगायचं तर मीटिंगमध्येही देतो, बोटांना बरं वाटतं. (काल गडबडीत तेवढी राहिली होती.) पण चावी कुठे अडतच नाही! आजोबांच्या घड्याळाची चावी भरत आली की घट्ट व्हायची, मग थांबायचं. ही फिरतेच आहे, फिरतेच आहे. काही तुटलं का माझ्या हातून?

---

चावीबहाद्दर, रात्री १०:५२

फोटोशिवाय धागा फाऊल.

---

तिसरा काटा, रात्री ११:०५

काही तुटलेलं नाही, निवांत झोपा. ऑटोमॅटिकमध्ये 'जास्त चावी' हा प्रकार नसतो.

आजोबांच्या घड्याळात स्प्रिंगचं बाहेरचं टोक तिच्या डबीच्या भिंतीला अडकवलेलं असायचं. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की पुढे जायला जागाच नाही, म्हणून चावी घट्ट व्हायची. त्यानंतरही जोर लावला की काहीतरी तुटायचं. ऑटोमॅटिकमध्ये ही अडकवणूक चालणारच नाही, कारण रोटर दिवसभर फिरत राहणार, त्याला थांब म्हणून कोण सांगणार? म्हणून स्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाला एक जाडसर पट्टी असते, ती डबीच्या भिंतीला नुसती दाबून धरलेली असते. स्प्रिंग भरली की ती पट्टी भिंतीवरून थोडी घसरते, पुन्हा पकड घेते, पुन्हा घसरते. तुम्ही मीटिंगमध्ये चावी देत होतात तेव्हा आत बहुधा ही घसरगुंडीच चालू होती.

---

कानोसा, रात्री ११:१२

हुश्श. म्हणजे मी निर्दोष. पण मग ४० तासांचे १९ तास कसे झाले? आणि भिरभिराटाचं काय?

(फोटो उद्या. आत्ता बंद पडलंय, बंद घड्याळाचा फोटो काढवत नाही.)

---

भिंगवाली, रविवार, सकाळी ७:३०

घड्याळदुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, दिवसाचे आठ तास डोळ्याला भिंग असतं. ऑटोमॅटिक नवीन घेतलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे येतात आणि हेच विचारतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही तीन आवाज सांगितलेत आणि तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेत. ते आधी वेगळे करा. टिकटिक वेगळी, भिर्रर्र वेगळं, खुळखुळ वेगळी. तिन्हींचा उगम वेगळा असतो.

भिर्रर्रबद्दल. काही यंत्रांत रोटर दोन्ही दिशांना फिरताना स्प्रिंग भरतो, काहींत एकाच दिशेला. एकाच दिशेला भरणाऱ्या यंत्रात उलट्या दिशेला रोटरवर कसलंच ओझं नसतं. मोकाट सुटलेल्या बैलासारखा तो गरगर फिरतो, आणि तोच आवाज येतो. मियोताची ८२१५ आणि ९०१५ ही यंत्रं अशीच. क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांत, वापरलं जाणारं व्हालजू ७७५० तर यासाठी प्रसिद्धच आहे. त्याचा रोटर जड, मोकळा सुटला की घड्याळ मनगटावर अक्षरशः डोलतं. पहिल्यांदा हातात घालणाऱ्याला वाटतं आत कुणीतरी आहे.

तुमचं त्यातलं आहे का ते घरीच पाहता येईल. घड्याळ उभं धरा, मागची काच तुमच्याकडे. आता गाडीचं स्टिअरिंग फिरवता तसं अगदी हळू एका दिशेला फिरवा, मग दुसऱ्या. जड रोटर दोन्ही वेळा खालीच लोंबायला बघेल. पण एका दिशेला तो थोडा वर ओढला जाईल, चाकांच्या ओझ्याने, आणि मग घसरून खाली येईल. दुसऱ्या दिशेला काहीच न होता निमूट खाली राहील. असा फरक दिसला तर घड्याळ एकाच दिशेला भरतंय, आणि भिर्रर्र हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे.

खुळखुळीबद्दल आत्ताच काही बोलत नाही. पट्टा चामड्याचा आहे की धातूचा?

---

कानोसा, रविवार, सकाळी ९:१५

धातूचा.

स्टिअरिंगचा प्रयोग केला. अगदी तुम्ही म्हणालात तसंच! घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला फिरवलं की रोटर जरा चढतो आणि मग घसरतो. उलट दिशेला ढिम्म. दहा-बारा वेळा केलं. बायको म्हणाली, आता वेळ बघ एकदा त्यात.

---

आळशी रोटर, रविवार, सकाळी १०:०२

वेळ बघायला फोन असतो, वहिनींना सांगा.

---

पेंडुलम, रविवार, सकाळी १०:४०

रोटरच्या आवाजावरून थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

पहिल्या मनगटी ऑटोमॅटिकचा आवाज याहून वेगळा होता. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने १९२३ साली स्वित्झर्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९२४ मध्ये ते मंजूर झालं. त्याच्या घड्याळात रोटर पूर्ण गोल फिरत नव्हता. वजन अर्धवट झुलायचं आणि दोन्ही टोकांच्या स्प्रिंगवर आदळून परत यायचं. त्यामुळे मनगटावर भिर्रर्र नाही, तर हलकी 'टुक... टुक' अशी धडक जाणवायची. गंमत म्हणजे त्या घड्याळाला चावीच नव्हती. धूळ आणि ओल आत शिरते ती चावीच्या भोकातून, मग भोकच नको, असा त्याचा हिशोब. काटे लावायचे तर काचेभोवतीची कडी फिरवायची.

पूर्ण ३६० अंश फिरणारा रोटर मनगटी घड्याळात गाजला तो १९३१ साली, रोलेक्सच्या पर्पेच्युअलमुळे. पुढे १९४८ मध्ये एटर्नाने रोटर बॉल बेअरिंगवर बसवला, आणि कंपनीच्या चिन्हातले पाच ठिपके म्हणजे त्याच बेअरिंगच्या पाच गोळ्या. तुमच्या घड्याळाचा भिरभिराट, कानोसा, हा त्या बेअरिंगचा आहे असं समजा. सायकलचं चाक हवेत धरून फिरवल्यावर येतो ना, त्याच जातीचा आवाज.

---

रातकिडा, रविवार, सकाळी ११:२०

माझा अनुभव टिकटिकीचा. मला झोप लागायला शांतता लागते आणि माझ्या घड्याळाची टिकटिक एक काळ असह्य झाली होती. मग लक्षात आलं की आवाज घड्याळाचा कमी आणि टेबलाचा जास्त आहे. लाकडी टेबलाच्या खणावर ठेवलं की मोठा, घडी केलेल्या रुमालावर ठेवलं की जवळजवळ नाहीच.

---

भिंगवाली, रविवार, दुपारी १२:०५

रातकिडा, अगदी बरोबर. तार एवढीशी असते, आवाज भोपळ्याचा असतो. तंबोरा वाजवणाऱ्याला विचारा. पोकळ खणाचं टेबल हा घड्याळाचा भोपळा.

टिकटिकीबद्दल एक गोष्ट मला स्वतःला अजून आवडते. आपल्याला 'टिक' हा एक आवाज वाटतो, पण तो तीन आवाजांचा गुच्छ असतो. बॅलन्स चाक म्हणजे मागे-पुढे झुलून ताल धरणारं चाक. त्याच्याखालचा छोटा खडा येऊन फोर्कला, म्हणजे दोन खडे बसवलेल्या छोट्या तरफेला, धडकतो, हा पहिला. त्या धडकेने फोर्कने अडवून धरलेल्या एस्केप चाकाचा दात सुटतो आणि फोर्कच्या खड्याला ढकलत पुढे सरकतो, हा दुसरा. मग पुढचा दात दुसऱ्या खड्यावर आपटून अडकतो आणि फोर्कही आपल्या हद्दीच्या भिंतीवर टेकतो, हा तिसरा, आणि हाच सगळ्यांत मोठा. आमच्याकडचं तपासणीचं यंत्र म्हणजे मुळात एक मायक्रोफोन. एका टिकपासून पुढच्या टिकपर्यंतचं अंतर ऐकून ते सांगतं की घड्याळ पुढे जातंय की मागे, आणि एकाच टिकमधल्या या आवाजांमधल्या अंतरावरून सांगतं की बॅलन्स किती अंश झुलतोय.

तुमच्या घड्याळाला मागे काच आहे. जाड पोलादी झाकणापेक्षा पातळ काचेतून आवाज थोडा जास्त बाहेर येतो. घोरणं गंभीर नाही.

---

तिसरा काटा, रविवार, दुपारी १:३०

कानोसा, फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदकाट्याचा व्हिडिओ घ्या आणि एका सेकंदात काटा किती पावलं टाकतो ते मोजा. ६ पावलं म्हणजे ताशी २१,६०० ठोके, ८ पावलं म्हणजे २८,८००. जुन्या चावीच्या घड्याळांत बऱ्याचदा ५, म्हणजे १८,०००. ८ वाल्यांची टिकटिक कानाला सलग भुरभुरल्यासारखी वाटते, ५ वाल्यांची सुटी सुटी.

---

कानोसा, रविवार, दुपारी ४:१०

६. तीनदा मोजली.

म्हणजे दिवसाला पाच लाख अठरा हजार चारशे वेळा टिक. डोकं गरगरलं. मी नोकरीत एक काम दिवसातून चारदा करायचं म्हटलं तरी कुरकुरतो.

१९ तासांचं कोडं मात्र राहिलंय.

---

आळशी रोटर, रविवार, दुपारी ४:४५

ते मी सांगतो, कारण माझं आयडी उगाच हे नाही.

तुमचं काम बैठं आहे का? घड्याळ घालून कीबोर्डवर बसता का? की पट्ट्याची कडी लॅपटॉपवर घासते म्हणून काढून बाजूला ठेवता?

---

कानोसा, रविवार, दुपारी ४:५१

...काढून बाजूला ठेवतो. दिवसातले पाच-सहा तास. तुम्हाला कसं कळलं?

---

आळशी रोटर, रविवार, दुपारी ५:०५

कारण माझ्या लॅपटॉपवरही तोच ओरखडा आहे.

हिशोब सोपा आहे. रोटर फिरायला हात हलावा लागतो. खुर्चीत बसून टाइप करताना बोटं हलतात, मनगट जागच्या जागी. त्यात घड्याळ टेबलावर. दिवसभरात स्प्रिंगमध्ये जेमतेम तेवढंच जातं जेवढं खर्च होतं. शुक्रवारी संध्याकाळी डबी अर्धी भरलेली होती, ती १९ तासांत रिकामी झाली. यंत्रात दोष नाही. दोष असलाच तर तुमच्या खुर्चीत.

मी शेवटी वाइंडर घेतला, म्हणजे घड्याळ आपोआप फिरवत ठेवणारी पेटी. रात्री त्यात ठेवतो, तो दिवसाला ६५० ते ८०० फेरे देतो, सकाळी घड्याळ टुणटुणीत. फक्त एका दिशेचं यंत्र असेल तर दिशा बरोबर लावा. नाहीतर रात्रभर फुकट गरगर.

---

चावीबहाद्दर, रविवार, संध्याकाळी ६:२०

वाइंडरला माझा सक्त विरोध. एकच घड्याळ असलेल्या माणसाने वाइंडर घेणं म्हणजे एकाच झाडासाठी ठिबक सिंचन. बंद पडलं की चावी द्यावी, वेळ लावावी, घालावं. त्यातच तर मजा आहे. शिवाय विनाकारण चालू ठेवलं की विनाकारण झिजतं.

---

आळशी रोटर, रविवार, संध्याकाळी ६:३१

तारीख, वार, चंद्राच्या कला असं सगळं असलेलं घड्याळ बंद पडल्यावर परत लावून दाखवा, मग मजेबद्दल बोलू.

---

निवांत, रविवार, संध्याकाळी ७:००

वाचतोय. पॉपकॉर्नची स्मायली समजून घ्या.

---

तिसरा काटा, रविवार, रात्री ८:१५

या वादात मूळ प्रश्न बाजूला पडतोय: ऑटोमॅटिकला हाताने चावी द्यावी की नाही? मी अनेक ठिकाणी वाचलंय की अजिबात देऊ नये, रिव्हर्सर नावाची आतली छोटी चाकं झिजतात. कंपन्यांची माहितीपत्रकं मात्र सरळ सांगतात की बंद पडलं तर चावी द्या. सेइकोच्या ४आर३६ या यंत्राच्या पत्रकात तर पूर्ण भरायला किमान ५५ फेरे असा आकडाच दिलाय. उलट त्यांच्याच जुन्या ७एस२६ मध्ये चावीने स्प्रिंग भरायची सोयच नाही, नुसतं हलवायचं. भिंगवाली ताई, निकाल द्या.

---

भिंगवाली, रविवार, रात्री ९:४०

निकाल नको, जे टेबलावर बघते ते सांगते.

चावी देणं वाईट नाही. बंद पडलेल्या घड्याळाला ३० ते ४० फेरे द्या, ते नीट भरलेल्या स्प्रिंगवर सुरू होतं आणि पहिल्या तासापासून वेळ बरी दाखवतं. नुसतं हलवून सुरू केलं तर अर्ध्या पोटी चालू होतं. बॅलन्स कमी झुलतो, आणि वेळ कुठे जाईल याचा नेम नाही.

रिव्हर्सरची गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते. ईटीए २८२४ सारख्या दोन्ही दिशांनी भरणाऱ्या यंत्रात दोन छोटी चाकं असतात, तेच रिव्हर्सर. रोटर कुठेही फिरो, स्प्रिंग एकाच बाजूला भरली जाईल ही त्यांची जबाबदारी. तुम्ही चावीने भरता तेव्हा ही चाकं उलट बाजूने ओढली जातात आणि त्यांनी मोकळं सुटायचं असतं. तेल ताजं असेल तर सुटतात. वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग नसेल, तेल वाळून चिकट झालं असेल, तर सुटत नाहीत. मग चावी देता देता मागे रोटरच पंख्यासारखा फिरायला लागतो. ज्यांच्याकडे मागे काच आहे त्यांनी हे बघून ठेवा. चावी देताना रोटर सोबत गरगरला तर चावी बंद करा आणि घड्याळ सर्व्हिसिंगला द्या. अशा घड्याळाला रोज तीसदा चावी देणं म्हणजे दात घासून घासून पाडणं.

कानोसा, तुमची मीटिंगमधली सवय मात्र सोडा. स्प्रिंगसाठी नाही, चावीच्या दांड्यासाठी. घड्याळ हातावर असताना चावी देता ना? मनगट आडवं येतं, बोटं तिरकी लागतात, बारीक दांड्यावर आडवा ताण पडतो. तो दांडा केवढा असतो तर शिवणाच्या सुईएवढा. काढा, डाव्या हातात धरा, उजव्याने हळू द्या. आणि चावी आट्यांची असेल तर आधी उलगडून घ्या, नंतर दाबून परत बसवायला विसरू नका. पाणी गेलेली निम्मी घड्याळं त्या विसरण्यामुळेच माझ्याकडे येतात.

आता परीक्षा. पुढच्या शनिवारी सकाळी ४० फेरे द्या, घड्याळ सपाट ठेवा, हात लावू नका. कधी बंद पडतं ते सांगा.

---

कानोसा, रविवार, रात्री ९:५५

मान्य. मीटिंगमध्ये आता पेनाचं टोपण उघडझाप करेन.

---

चावीबहाद्दर, सोमवार, सकाळी ८:२०

भिरभिराट निर्दोष आहे हे ठीक, पण सगळेच आवाज निर्दोष नसतात. माझा किस्सा सांगतो.

जुनं ऑटोमॅटिक सर्व्हिसिंगला दिलं होतं, परत आलं. दोन दिवसांनी हात हलवला की 'करर्र' असा आवाज. भिर्रर्र गोल आणि गुळगुळीत असतो, हा खरबरीत होता, पाटीवर खडू घासल्यासारखा. आणि प्रत्येक फेरीत एकाच जागी. मी दोन महिने दुर्लक्ष केलं. शेवटी झाकण उघडलं तर रोटरचा मधला स्क्रू ढिला, रोटर एका बाजूला कललेला आणि झाकणाला आतून घासत होता. झाकणावर चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा, आणि यंत्रावर धातूची सोनेरी भुकटी. स्क्रू आवळायला अर्धं मिनिट लागलं असतं. भुकटीमुळे सगळं यंत्र पुन्हा खोलून धुवावं लागलं.

ज्याने सर्व्हिसिंग केलं त्याला दाखवलं तर म्हणाला, तुम्ही हात जोरात हलवता.

---

भिंगवाली, सोमवार, दुपारी १:१०

हात हलवण्यासाठीच तर रोटर असतो. असो.

आवाज बदलणं महत्त्वाचं. पहिल्या दिवसापासून जो आहे तो स्वभाव. जो काल नव्हता आणि आज आहे, तो दाखवून घ्या.

---

रातकिडा, सोमवार, रात्री १०:३०

एक प्रश्न मध्येच घुसवतो. माझं कालपासून अचानक तासाला दोन-तीन मिनिटं पुढे जायला लागलंय. आवाज तोच आहे, जरा घाईत वाटतो.

---

तिसरा काटा, सोमवार, रात्री १०:३८

टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर ठेवलं होतं का? हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते, घड्याळ धावतं. चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर फिरवून घ्या, काही सेकंदांचं काम आहे.

---

रातकिडा, सोमवार, रात्री १०:४४

स्पीकरवर ठेवलं होतं. बरं वाटलं ऐकून. धन्यवाद.

---

कानोसा, पुढचा सोमवार, सकाळी ७:०५

निकाल आला!

शनिवारी सकाळी ठीक ९ वाजता ४० फेरे दिले आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवलं. मुलीने वर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. आज सकाळी बघितलं तर बंद, काटे ३:२० वर. आधी गोंधळलो, हे ३:२० दुपारचे की पहाटेचे? मग तारखेची खिडकी बघितली, तारीख सोमवारची झालेली. रविवारी रात्री झोपताना चालू होतं हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे सोमवार पहाटे ३:२०. एकूण ४२ तास २० मिनिटं.

पत्रकात 'सुमारे ४०' लिहिलंय. घड्याळाची माफी मागितली.

---

आळशी रोटर, सोमवार, सकाळी ७:४०

आणि खुर्चीची?

---

भिंगवाली, सोमवार, दुपारी १२:५०

छान. यंत्र ठणठणीत आहे. तुमच्या दिनक्रमाला मी असं सांगेन: सोमवारी सकाळी घालायच्या आधी ३०-४० फेरे, बाकी दिवस हातावर राहू द्या आणि दुपारी दहा मिनिटं चालून या. बुध-गुरुवारी मागे पडतंय असं वाटलं तर वीस फेरे. बस.

रात्री कसं ठेवता त्यानेही फरक पडतो. बहुतेक घड्याळं सपाट पडून एक चाल धरतात आणि चावी वर करून उभी ठेवली की दुसरी. कुठल्या बाजूला पुढे आणि कुठल्या बाजूला मागे, ते प्रत्येकाचं निराळं. आठवडाभर सपाट, आठवडाभर उभं ठेवून लिहून काढा. दिवसभर जे सेकंद पुढे जातात ते रात्री परत घेता येतात.

आता ती खुळखुळ. पट्टा काढा आणि नुसतं घड्याळ कानाशी हलवा.

---

कानोसा, सोमवार, रात्री ८:३०

पट्टा काढायला पाऊण तास लागला. पिन उडून सोफ्याखाली गेली, ती शोधायला आणखी वीस मिनिटं.

नुसतं घड्याळ हलवलं: भिर्रर्र. खुळखुळ नाही.
नुसता पट्टा हलवला: खुळखुळ!

कडीच्या आतला एक पत्रा सैल आहे. महिनाभर मी एका उत्तम यंत्रावर संशय घेत होतो आणि चोर पट्ट्यात होता.

---

चावीबहाद्दर, सोमवार, रात्री ८:४५

आता तरी फोटो टाका. पट्ट्याशिवाय चालेल.

---

तिसरा काटा, सोमवार, रात्री ९:००

वेगाचा आकडाही द्या. घड्याळ दिवसाला किती पुढे जातंय?

---

कानोसा, दोन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ९:२०

उशीर झाला, पण वही भरली.

सपाट ठेवलं तर दिवसाला सरासरी १४ सेकंद पुढे. चावी वर करून उभं ठेवलं तर ६. आता उभंच ठेवतो. ८६,४०० सेकंदांपैकी ६, हे मला पुरे. ऑफिसातल्या भिंतीवरचं घड्याळ याहून जास्त चुकतं आणि त्यावरून मीटिंगा ठरतात.

कापडी पट्टा लावला. खुळखुळ गेली. कडी नाही, त्यामुळे लॅपटॉपवरही काही घासत नाही. घड्याळ दिवसभर हातावर राहतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं रविवारी सकाळी उठल्यावरही चालू असतं. भिर्रर्रची आता सवय झालीये. मीटिंगमध्ये कुणी फार बोललं की हळूच मनगट झटकतो.

---

पेंडुलम, बुधवार, रात्री ९:५०

उत्तम. आवाजाचा एवढाच छंद लागला असेल तर कधी बुलोव्हाचं ॲक्युट्रॉन कानाला लावून बघा. १९६० साली आलं, आत बॅलन्स चाकाऐवजी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा दुशाखी काटा, सेकंदाला ३६० कंपनं. टिकटिक नाहीच, सलग गुणगुण. माशी बाटलीत अडकल्यासारखी.

---

कानोसा, बुधवार, रात्री ११:५८

बघतो. पण त्याआधी नवीन शंका. घरात सगळे झोपलेत, घड्याळ रुमालावर आहे, टिकटिक अगदी बारीक येतेय. आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, आतून एकच 'टक्' असा आवाज आला. आधी कधी ऐकला नव्हता. ताई, तुम्हीच म्हणालात जो काल नव्हता तो दाखवून घ्या. चावी ओढून तारीख मागे-पुढे करून बघू का?

---

भिंगवाली, गुरुवार, रात्री १२:०४

हात लावू नका! रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने तारीख बदलायची नाही. तारखेचे दात त्या वेळी आपापसांत गुंतलेले असतात, जबरदस्ती केली की मोडतात.

खिडकीत बघा. तारीख बदलली. झोपा आता.